वाचकांचे प्रश्न : केळीचं इलेक्ट्रोड, बोअरचं पाणी आणि भुसावळचा मे महिना

मागच्या अंकातल्या बायोसेन्सरवरच्या लेखाला जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. नव्या वाचकांसाठी दोन ओळी: इलेक्ट्रोडवर एखादं प्रथिन, बहुतेक वेळा एन्झाइम, बसवलेलं असतं. ते नेमका हवा तो रेणू पकडतं आणि त्यावर क्रिया करतं. त्या क्रियेतून जो करंट वाहतो तो आपण मोजतो. नॅनोकणांचं काम पृष्ठभाग वाढवायचं आणि इलेक्ट्रॉनची वाट सोपी करायची. ओळखण्याचं काम प्रथिनाचंच. पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

केळीपासून बायोसेन्सर होतो असं सरांनी सांगितलं. खरंच होतो की पोस्टरपुरतं? आमच्या लॅबमध्ये साधा पोटेन्शिओस्टॅट (ठरलेला व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) आहे.
— बी.एस्सी. तृतीय वर्षाचे विद्यार्थी, फैजपूर

होतो, आणि तुमच्या तालुक्यात तर कच्च्या मालाची चिंताच नाही. १९८८ साली अमेरिकेत जोसेफ वांग आणि मेंग शान लिन यांनी कार्बन पेस्टमध्ये केळीचा गर मिसळून डोपामाइन मोजलं. पुढे त्या इलेक्ट्रोडला 'बनानाट्रोड' हे नाव पडलं. कापलेलं केळं काळं पाडणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांब्याचं एन्झाइम इथे कामाला येतं. ते ऑक्सिजन वापरून कॅटेकॉलचं (डोपामाइनही याच घराण्यातलं) क्विनोन करतं. इलेक्ट्रोड उणे ०.२ व्होल्टवर (सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत) ठेवला की ते क्विनोन परत कॅटेकॉल होतं आणि तेवढा करंट दिसतो. परतलेलं कॅटेकॉल पुन्हा एन्झाइमच्या हाती लागतं, म्हणून सिग्नल आपोआप वाढतो.

ग्रॅफाइटची बारीक पूड ०.७ ग्रॅम आणि पॅराफिन तेल ०.३ ग्रॅम खलात वीस मिनिटं घोटा. घोटण्यात कंजुषी केली तर पेस्टमध्ये कोरड्या गुठळ्या राहतात आणि करंट उड्या मारतो. मग ताज्या केळीचा गर ०.१ ग्रॅम घालून आणखी पाच मिनिटं घोटा. एक मिलिलिटरच्या सिरिंजचं टोक ब्लेडने सपाट कापा, चार-पाच मिलिमीटर पेस्ट दाबून भरा आणि मागून तांब्याची तार खोचा. पुढचं तोंड बटर पेपरवर घासून आरशासारखं करा. द्रावण तारेपर्यंत पोचू देऊ नका. पोचलं तर करंट अचानक अनेक पट वाढतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. तो तांब्याचा करंट असतो.

भांड्यात ०.०५ मोलर फॉस्फेट बफर (पीएच ६.५ ते ७) १० मिलिलिटर घ्या, त्यात ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड असू द्या आणि चुंबकी ढवळणी एकसारख्या वेगाने चालू ठेवा. सुरुवातीची दहा मिनिटं काही मोजू नका. केळीत स्वतःचंच डोपामाइन असतं, ते आधी संपू द्या. कॅटेकॉल ११ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की १० मिलिमोलर होतं. त्यातले १० मायक्रोलिटर टाकले की भांड्यात १० मायक्रोमोलर. दर वेळी करंटची एक पायरी चढते. पहिल्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, पुढे बसक्या होत जातात. तिथून पुढचा आलेख सरळ रेषेत बसवू नका. कॅटेकॉल विषारी आहे, हातमोजे घाला. द्रावण तपकिरी झालं की टाकून नवं करा.

एक तुलना मात्र टाळू नका. तोच गर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दुसरी पेस्ट करा. उकळलेल्या केळीचाही सिग्नल तेवढाच आला, तर तुम्ही एन्झाइम मोजत नाही आहात. आणि गर काळा पडू नये म्हणून घरच्यासारखं लिंबू पिळू नका. लिंबातलं ॲस्कॉर्बिक आम्ल क्विनोन इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याआधीच परतवतं, मग दिसायला काही उरत नाही.

कार्बन नॅनोट्यूब घालायच्या असतील तर पेस्टच्या वजनाच्या पाच टक्के पुरेत. सिग्नल वाढेल, पण पार्श्वभूमीचा करंटही वाढेल आणि स्थिरावायला जास्त वेळ घेईल. पोस्टरवर 'पाण्यातलं फिनॉल शोधणारा सेन्सर' असं लिहू नका. केळीचं एन्झाइम साध्या फिनॉलवर जेमतेमच चालतं, त्याला कॅटेकॉलसारखी जोड-हायड्रॉक्सिल, म्हणजे शेजारी-शेजारी दोन ओएच गट लागतात. शिवाय १० मायक्रोमोलर कॅटेकॉल म्हणजे लिटरमागे १.१ मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या फिनॉलवर्गीय पदार्थांची मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम आहे. तुमची पहिली पायरीच तिच्या हजार पट वर. शिकायला याहून चांगला प्रयोग नाही, पाणी तपासायला मात्र तो चालत नाही.

बाजारात सुई टोचून भाजीतलं औषध सांगणारं यंत्र आलंय. भेंडीला हिरवं दाखवतं, केळीला लाल. पोरगा म्हणे घेऊ. मी म्हटलं आधी विचारू, हाई मशीन खरं बोलस का?
— कापूस आणि भाजीपाला उत्पादक, अमळनेर

नाही बोलत, भाऊ. अशी बहुतेक यंत्रं फक्त विद्युतवाहकता मोजतात, म्हणजे रसात क्षार किती ते. केळीत पोटॅशियम भरपूर, म्हणून लाल. दुकानात एक परीक्षा करून बघा: पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ घाला आणि सुई बुडवा. आकडा उसळला तर पैसे खिशातच ठेवा.

एन्झाइमवर चालणारी कार्डं आणि सेन्सर वेगळे, ते खरोखर काही ओळखतात. पण काय ओळखतात ते नीट समजून घ्या. त्यातलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतल्या औषधांनी बंद पडतं. मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस, कार्बोफ्युरान ही त्यातली. कपाशीवर तुम्ही मारता ते इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम किडीच्या मज्जातंतूवरच्या दुसऱ्याच प्रथिनाला धरतं. सायपरमेथ्रिन सोडियमच्या वाटांवर काम करतं. ग्लायफोसेट हे तर तणनाशक, त्याचा किडीशी संबंधच नाही. यातलं एकही औषध त्या कार्डाला दिसत नाही. कार्डावर 'ठीक' आलं याचा अर्थ इतकाच की पहिल्या दोन गटांतलं काही कार्डाच्या क्षमतेच्या वर नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तेवढ्यापुरती पडताळणी म्हणून कार्ड बरं.

माल बाहेर पाठवायचा असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून एलसी-एमएसएमएस तपासणी (रेणू वेगळे करून वजनावरून एकेक ओळखणारी) करून घ्या. नमुना एका झाडाचा नको, शेताच्या चारही बाजूंनी आणि मधून घ्या. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते औषधाच्या लेबलवर छापलेलं असतं. यंत्रापेक्षा ती ओळ जास्त कामाची.

कार्बनच्या छापील इलेक्ट्रोडवर नॅनोट्यूब, त्यावर कायटोसानमध्ये ॲसिटिलकोलिनएस्टरेज अशी रचना केली आहे. बफरमध्ये उत्तम चालते. बोअरचं पाणी फॉस्फेट बफरमध्ये निम्मंनिम्म मिसळलं की शेतापासून दूरच्या, स्वच्छ पाण्यालाही २५ टक्के इनहिबिशन येतं. उलट मुद्दाम क्लोरपायरीफॉस घातलं तर फारसं काहीच येत नाही. चूक कुठे?
— एम.फार्म. विद्यार्थिनी, शिरपूर

ताई, या दोन वेगळ्या चुका आहेत आणि दोन्ही नेहमीच्या.

आधी खोटं इनहिबिशन, म्हणजे एन्झाइम बंद न पडताच दिसणारी करंटची घट. एका काचेच्या नळीत तुमचं बोअरचं पाणी आणि ०.१ मोलर फॉस्फेट बफर (पीएच ८) सारखे घ्या, काळ्या कागदासमोर धरा आणि दहा मिनिटं थांबा. द्रावणात पांढुरकी धूसर छटा येते, मग तळाशी बारीक साका बसतो. तो कॅल्शियम फॉस्फेट. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, आणि जड पाण्यात पीएच ८ चा फॉस्फेट घालणं म्हणजे इलेक्ट्रोडवर चुन्याचा हात देणं. तुमचं एन्झाइम ॲसिटिलथायोकोलिन फोडून थायोकोलिन करतं आणि करंट त्याचाच असतो. थर बसला की ते पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, करंट पडतो आणि सूत्र त्याला इनहिबिशन म्हणतं. फॉस्फेट सोडा, हेपेस किंवा ट्रिस बफर घ्या. (प्रथिन ईडीसी-एनएचएसने जोडत असाल तर त्या पायरीत ट्रिस अजिबात नको. त्याचा स्वतःचा अमाइन गट सगळं अभिकर्मक खाऊन टाकतो.)

दुसरं कारण संदर्भ इलेक्ट्रोडचं, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्याचं. छापील पट्टीवरचा सिल्व्हर क्लोराइडचा ठिपका उघडा असतो, त्यामुळे त्याचं विभव द्रावणातल्या क्लोराइडवर ठरतं: क्लोराइड दहापट बदललं की ५९ मिलिव्होल्ट. तुमच्या बफरमध्ये ०.१ मोलर क्लोराइड आहे असं धरू. पाण्यात लिटरमागे ७१ मिलिग्रॅम असेल तर ते २ मिलिमोलर, म्हणजे पन्नास पट कमी. थेट पाण्यात मोजलं तर फरक सुमारे १०० मिलिव्होल्टचा. पडद्यावर अधिक ०.२ लिहिलेलं असतं, इलेक्ट्रोड प्रत्यक्षात ०.३ वर असतो आणि पाण्यातले इतर पदार्थही ऑक्सिडाइझ व्हायला लागतात. म्हणून नमुन्यात फक्त भिजवायचं, मोजायचं नेहमी एकाच बफरमध्ये.

क्रम असा ठेवा. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड असलेल्या बफरमध्ये १ मिलिमोलर ॲसिटिलथायोकोलिन घालून करंट मोजा. तीन वाचनं जवळजवळ सारखी आली की तो पहिला करंट. इलेक्ट्रोड बफरने धुवा, नमुन्यात बरोबर दहा मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा, ताज्या द्रावणात दुसरा करंट मोजा. फरकाला पहिल्या करंटने भागून शंभरने गुणा. हेच सगळं नुसत्या बफरमध्ये भिजवूनही करा, निदान पाच इलेक्ट्रोडवर. तिथेही काही टक्के घट दिसेल, कारण थोडं एन्झाइम धुऊन जातं आणि थायोकोलिनची उत्पादनं पृष्ठभागावर चिकटतात. त्या घटीची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, याच्या खालचा कुठलाही आकडा इनहिबिशन म्हणून लिहू नका. ॲसिटिलथायोकोलिनचं द्रावण रोज नवं करा. पीएच ८ ला ते एन्झाइमशिवायही हळूहळू फुटतं. पहिलं वाचन सकाळी आणि दुसरं वीज गेल्यावर दुपारी, असंही नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की एन्झाइमचा वेग दीडपट ते दुप्पट होतो आणि खरं इनहिबिशन त्यात बुडून जातं.

आता क्लोरपायरीफॉस. त्याच्या रेणूत फॉस्फरसला गंधक दुहेरी बंधाने जोडलेलं आहे. त्या रूपात ते एन्झाइमला फारसं बांधत नाही. किडीच्या किंवा माणसाच्या शरीरात गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो, ऑक्सॉन तयार होतं आणि मग ते मारतं. परीक्षानळीत यकृत नाही. मॅलॅथिऑन आणि मिथाइल पॅराथिऑन यांचंही तसंच. एन-ब्रोमोसक्सिनिमाइड किंवा ब्रोमीनचं पाणी वापरून आधी ऑक्सॉन करून घ्यावं लागतं आणि उरलेलं ऑक्सिडीकारक ॲस्कॉर्बिक आम्लाने मारावं लागतं. नाही मारलं तर तेच एन्झाइमला मारतं आणि तुम्हाला सुंदर, खोटा निकाल मिळतो. ही दोन्ही रसायनं घातलेला पण कीटकनाशक नसलेला नमुना सोबत हवाच. मोनोक्रोटोफॉसमध्ये ऑक्सिजन आधीच जागेवर आहे, त्यामुळे सेन्सर चालतो का हे आधी त्याच्यावर पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आणि क्लोरपायरीफॉसची ३० आहे. तुमची शोधमर्यादा या दोन आकड्यांशेजारी ठेवून बघा.

खरं-खोटं ठरवायला आणखी एक उपाय. इनहिबिशन दिसलं की इलेक्ट्रोड ५ मिलिमोलर प्रॅलिडॉक्झाइममध्ये पंधरा मिनिटं ठेवा. फवारणीची विषबाधा झालेल्या रुग्णाला सरकारी दवाखान्यात 'पॅम' देतात, तेच हे. ऑर्गॅनोफॉस्फेटने बंद पडलेलं एन्झाइम बरंचसं परत येतं. चुन्याचा थर हटत नाही. मात्र हे त्याच दिवशी करा. काही तास गेले की एन्झाइमवरचा बंध पक्का होतो आणि पॅमही काही करू शकत नाही.

सोन्याचे नॅनोकण करताना द्रावण वाइनसारखं लाल होतं, पण प्रथिन घातलं की जांभळं-निळं. कधी कधी तर उकळतानाच करडं.
— प्राध्यापिका, जळगाव

सराफ बाजाराच्या गावात सोनं बिघडावं हे बरं नाही! कृती साधी आहे: ०.०१ टक्के क्लोरोऑरिक आम्ल ५० मिलिलिटर जोरात उकळायचं, ढवळत १ टक्के ट्रायसोडियम सायट्रेट १ मिलिलिटर एकदम ओतायचं. साधारण १६ नॅनोमीटरचे कण मिळतात. सायट्रेट अर्धा मिलिलिटर घातलं तर ४१ च्या आसपास. हे आकडे फ्रेन्स यांच्या १९७३ च्या कामातले, मूळ पद्धत टर्केविच यांची, १९५१ ची.

उकळताना करडं होतं तेव्हा दोष भांड्याचा किंवा पाण्याचा. काचेचं भांडं अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) धुवा आणि पाण्याने दहा वेळा खळबळा. घरगुती आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. क्लोरोऑरिक आम्ल स्टीलच्या चमच्याने काढू नका. चमचा काळा पडतो आणि सोनं तिथेच उतरतं.

प्रथिनाने निळं होणं म्हणजे कण एकमेकांना चिकटणं. बहुधा प्रथिन कमी पडतं किंवा ते क्षारयुक्त बफरमधून आलेलं असतं. प्रथिन आधी पाण्यात डायलाइझ करा, म्हणजे पडद्यातून क्षार काढून टाका. द्रावणाचा पीएच प्रथिनाच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण विद्युतभार शून्य असतो) किंचित वर न्या, ०.१ मोलर पोटॅशियम कार्बोनेटने. पीएच कागदाने बघा. मीटरचा बल्ब बुडवला तर सोनं त्याच्या सूक्ष्म छिद्रांत बसतं आणि मीटर जातो. मग दहा नळ्यांत प्रत्येकी एक मिलिलिटर द्रावण घेऊन प्रथिन चढत्या मात्रेने घाला, दहा मिनिटांनी १० टक्के मिठाचं पाणी १०० मायक्रोलिटर टाका. जी पहिली नळी लाल राहते तिच्या मात्रेपेक्षा थोडं जास्त घ्या.

दूध संकलनावर युरिया तपासायला तुरीच्या एन्झाइमचा सेन्सर करता येईल का?
— दूध संकलन केंद्रचालक, साक्री

तुरीच्या कच्च्या दाण्यात युरिएज असतं आणि ते काढता येतं, पण केंद्रावर हा उद्योग करू नका. युरिएज युरिया फोडून अमोनिया करतं. पीएच मोजावा तर दूध स्वतःच बफर आहे, बदल गिळून टाकतं. अमोनियम इलेक्ट्रोड वापरावा तर दुधातलं पोटॅशियम आडवं येतं. त्यात उपाय म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ११ च्या वर नेऊन वायू-पडद्याचा अमोनिया इलेक्ट्रोड लावायचा, आणि ते काम प्रयोगशाळेचं. शिवाय कुणी दूध टिकावं म्हणून फॉर्मालिन घातलं असेल तर ते एन्झाइमलाच बांधून टाकतं आणि भेसळीचं दूध 'युरिया नाही' म्हणून पास होतं. डीएमएबी (डायमिथाइलअमिनोबेंझाल्डिहाइड) या रसायनाची पिवळ्या रंगाची चाचणी वापरा. फिका पिवळा रंग स्वच्छ दुधातही येतो, कारण युरिया मुळातच असतो. मर्यादा ७०० पीपीएमची आहे, तेव्हा त्या प्रमाणाचा नमुना शेजारी ठेवून रंग जुळवा.

उन्हाळ्यात घरचा ग्लुकोमीटर कधी १४०, कधी १९० दाखवतो. तोच हात, तीच वेळ.
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

काका, पट्ट्या कुठे ठेवता? पट्टीवर ग्लुकोज ओळखणारं वाळवलेलं एन्झाइम असतं आणि बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालचं कपाट त्याच्या कितीतरी वर जातं. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत ठेवा. माठाशेजारी नको, ओलावा धरतो. फ्रिजमधून काढून लगेच उघडलं तर डब्यात दव पडतं. झाकण पट्टी काढल्याबरोबर लावा.

हात साबणाने धुऊन कोरडे करा, नुसतं स्पिरिट पुरत नाही. पट्टी अर्धा मायक्रोलिटर रक्त घेते. साखर १०० असेल तर त्या थेंबात ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम. आंबा चोखलेल्या बोटावर तेवढं सहज राहतं, म्हणजे आकडा दुप्पट. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणेही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे १४० आणि १६० मध्ये भांडू नका. १९० मात्र तपासा: कंपनीचं कंट्रोल द्रावण (साखर ठरलेली असलेलं) थेंबभर लावा, आकडा डब्यावर छापलेल्या मर्यादेत नसेल तर तो डबा टाका.

घरात कुणाला रक्ताची कमतरता असेल तर काही मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो, तिथे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणीही फसवी येऊ शकते. डॉक्टरांना ते आधी सांगा आणि शिरेतल्या रक्ताची तपासणी मागा.